रांजणगाव ते भिवंडी: हॉल्टिंगचे पैसे नेमके कुठे अडकतात

हॉल्टिंगचं, म्हणजे माल उतरवून न घेता गाडी उभी ठेवली त्याच्या भरपाईचं, बिल परत आलं की ट्रान्सपोर्टवाले सगळ्यात आधी रेटवर भांडायला लागतात, पंधराशे कसले देता अडीच हजार द्या वगैरे. रेट कमी असतो हे खरंच आहे. पण मी ज्या प्रकरणाबद्दल लिहितोय त्यात रेटचा विषय फार नंतर आला, आधी अडलं ते यावर की गाडी पोचली कधी हे कोणाच्या कागदावर लिहिलंय. ज्याच्या रजिस्टरात वेळ, पैसे त्याच्या ताब्यात, असा सगळा मामला आहे.

ट्रान्सपोर्टरचं नाव नको, शेठ म्हणू. चाकणजवळ ऑफिस, स्वतःच्या आठ-नऊ ३२ फुटी कंटेनर गाड्या, सगळ्या मल्टी अ‍ॅक्सल, जास्त लागल्या तर मार्केटमधून उचलतात. मी त्यांचं बिलिंग आणि वसुली बघतो. मोठं गिऱ्हाईक म्हणजे रांजणगाव एमआयडीसीतली घरगुती उपकरणांची एक कंपनी, फ्रिज, वॉशिंग मशीन, आणि माल जायचा भिवंडीला, मानकोलीच्या आतल्या बाजूच्या एका गोदामात. गोदाम कंपनीचं नाही, ते चालवतो तिसराच एक लॉजिस्टिक्सवाला जो अजून चार-पाच ब्रँडचा माल ठेवतो. म्हणजे भाडं देणार कंपनी, गाडी अडवणार गोदाम, आणि गोदामाचा नि शेठचा कागदोपत्री काही संबंधच नाही. कंपनीला विचारलं तर म्हणणार गाडी आम्ही अडवली नाही, गोदामाला विचारलं तर म्हणणार तुम्ही कोण.

अंतर बघा, रांजणगावहून शिक्रापूर, चाकण, तळेगाव, मग एक्सप्रेसवे, कळंबोली, मुंब्रा बायपास, खारेगाव करत मानकोली, साधारण १९० किमी. ट्रॅफिकला शिव्या देत देत का होईना, रात्री निघालेली गाडी सकाळी पोचते. लांबच्या भाड्यात, समजा चेन्नई किंवा गुवाहाटी, एक दिवस गाडी उभी राहिली तर त्रास होतो पण पूर्ण फेरीच आठ-दहा दिवसांची असल्यामुळे तो पचतो. इथे फेरी दोन-अडीच दिवसांची आणि त्यात दीड दिवस गाडी गेटबाहेर उभी. जवळच्या भाड्याला लोक सोपं भाडं समजतात, ड्रायव्हर रोज घरी, गाडी डोळ्यासमोर वगैरे, पण हॉल्टिंगने सगळ्यात जास्त मरतं ते जवळचं भाडंच.

शेठचा एका गाडीचा हिशोब मी एकदा पाटीवर मांडून दाखवला होता तो असा. गाडी हलो न हलो, महिन्याला हप्ता साधारण ७५ हजार, इन्शुरन्स आठ हजार धरा (२०२२ च्या दरांनी या वजनाच्या गाडीचं नुसतं थर्ड पार्टीच वर्षाला ४३,९५० रुपये, वर गाडीचा स्वतःचा विमा), टॅक्स, पासिंग, नॅशनल परमिटचे वर्षाचे साडेसोळा हजार असं मिळून महिना चार हजार, ड्रायव्हर २५ हजार, ऑफिस-पार्किंग सहा हजार. झाले एक लाख १८ हजार. महिन्यातले २५ दिवस धरले तर दिवसाला चार हजार सातशेच्या आसपास नुसतं उभं राहण्याचं. आता कमाई. जाताना १९ हजार भाडं, त्यातून जाण्यायेण्याचं डिझेल, टोल, भत्ता मिळून साडेबारा हजार गेले, उरले साडेसहा. परत येताना भिवंडीतून पुण्याचं काही मिळालं तर दलाली काढून आठेक हजार. म्हणजे एका फेरीला साडेचौदा हजार. बारा फेऱ्या झाल्या तर एक लाख ७४ हजार, खर्च वजा जाता शेठला ५६ हजार सुटतात. आठ फेऱ्या झाल्या तर एक लाख १६ हजार, म्हणजे खिशातले दोन हजार घालायचे. फरक फक्त चार फेऱ्यांचा, आणि त्या चार फेऱ्या मानकोलीच्या रस्त्यावर उभ्या होत्या.

ह्यात परतीचं भाडं अजून वेगळंच दुखणं. ब्रोकरला सकाळी सांगितलं की गाडी बारापर्यंत मोकळी होईल, त्याने पार्टी लावली, आणि गाडी संध्याकाळी सात वाजेपर्यंत डॉकलाच, म्हणजे गोदामाच्या माल उतरवायच्या फलाटालाच, लागली नाही की तो दुसरी गाडी भरतो, आणि पुढच्या वेळी आपला फोनसुद्धा पटकन उचलत नाही. हे नुकसान कुठल्याच हॉल्टिंगच्या रेटमध्ये बसत नाही.

आता गेटवर काय होतं ते नीट सांगतो कारण सगळं तिथेच आहे.

गाडी सकाळी सहाला पोचते. गेटवर सिक्युरिटीवाला एलआर (ट्रान्सपोर्टरची मालाची पावती) आणि इनव्हॉइसची झेरॉक्स घेतो, एका वहीत, कधी नुसत्या चिठ्ठीवर, गाडी नंबर लिहितो आणि म्हणतो साइड में लगा, बुलाएंगे. ही झाली त्याची खासगी यादी. गोदामाचं खरं रजिस्टर आत कॉम्प्युटरवर, आणि त्यात गाडीची नोंद पडते ती डॉक रिकामा होऊन गेट उघडल्यावर. गाडी सोमवारी सकाळी सहाला येऊन मंगळवारी दुपारी चारला आत गेली आणि सातला खाली होऊन बाहेर पडली, तर गोदामाच्या सिस्टीममध्ये दिसणार गेट इन चार, गेट आऊट सात, एकूण तीन तास. बाहेर उभे राहिलेले ३४ तास कुठेच नाहीत. आणि शेठच्या करारात लिहिलं होतं की रिपोर्टिंगपासून २४ तास फ्री, नंतर दिवसाला पंधराशे. रिपोर्टिंग म्हणजे काय हे कुठेच लिहिलं नव्हतं. कंपनीच्या अकाउंट्सने साहजिकच गोदामाच्या सिस्टीमची वेळ धरली.

यादीतसुद्धा आधी आला तो आधी लागला असं काही नाही. ज्या गाड्या गोदामवाल्याने स्वतः लावलेल्या त्या पुढे, ई-कॉमर्सचा माल असेल तर तो पुढे, आणि गेटवर दोनशे सरकवणारा पण पुढे. ड्रायव्हर ते दोनशे खर्चीत टाकतो, शेठ कुरकुरतो पण देतो, कारण दोनशेत अर्धा दिवस वाचत असेल तर गणित सोपं आहे. आत गेल्यावर माथाडींची टोळी. त्यांची जेवणाची सुट्टी, संध्याकाळी कामाची वेळ संपणं हे सगळं असतंच आणि ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, १९६९ च्या माथाडी कायद्यामागे मोठा इतिहास आहे. भांडण वाराईचं, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीचं असतं, ती ड्रायव्हरकडून मागतात. जिसका माल उसका हमाल ही घोषणा ट्रान्सपोर्टवाले किती वर्षं देतायत, तरी गाडी डॉकला लागल्यावर वाराईच्या घासाघाशीत तासभर जातोच.

आणि ड्रायव्हर. गेटच्या आत संडास असतो पण बाहेरच्या ड्रायव्हरला सोडत नाहीत. गाडी सोडून लांब जाता येत नाही कारण मागे सीलबंद माल आणि कधी नंबर पुकारतील नेम नाही. चेसिसला लावलेल्या पेटीतून स्टोव्ह काढून गाडीच्या सावलीत स्वयंपाक, पाण्याची बाटली २० रुपयाला. रात्री डिझेल चोरीची भीती म्हणून झोप अर्धवट, आणि गाडी खाली झाली की लगेच ऑफिसचा फोन, निघाला का. दोन रात्री न झोपलेला माणूस भरलेला कंटेनर घेऊन घाट चढतो. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलच्या २०१८ च्या अहवालात आलंय की लोडिंग-अनलोडिंगला गाडी थांबण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांनी वाढली तर अपघाताचा अपेक्षित दर ६.२ टक्क्यांनी वाढतो. पंधरा मिनिटं. आपल्याकडे कोणी मोजायला जात नाही म्हणून बरंय.

ई-वे बिलाची, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची भानगड ह्या रूटवर खास आहे. दर २०० किमीला एक दिवस मुदत मिळते, अंतर १९० म्हणजे एकच दिवस, आणि ती मुदत बिल बनवल्याच्या दुसऱ्या दिवशी रात्री बाराला संपते. शुक्रवारी संध्याकाळी माल भरला, बिल बनलं, शनिवारी सकाळी गाडी गेटवर, शनिवारी घेतली नाही, रात्री बाराला बिल संपलं, रविवारी गोदाम बंद. मुदत संपायच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच वाढवून घेता येते, म्हणजे शनिवारी दुपारी चार ते रविवारी सकाळी आठ. ती वेळ गेली की संपलेल्या बिलावर माल भरलेली गाडी रस्त्यावर उभी, आणि तपासणीत सापडली तर कराच्या दुप्पट दंडाचा विषय निघतो. कंपनी म्हणते गाडी पोचलीच होती ना, मग काळजी कसली. अहो पोचली होती तर मग हॉल्टिंग द्या. ते म्हणतात पोचल्याची नोंद नाही. हा वाद मी फोनवर ऐकलाय, मी काही बनवून सांगत नाहीये.

तर झालं असं की दिवाळीच्या तिमाहीत, ऑक्टोबर ते डिसेंबर, शेठने हॉल्टिंगचं एकत्र बिल लावलं, एक लाख ६० हजारांच्या आसपास. करारातल्या पंधराशेच्या रेटनेच. ते पूर्ण परत आलं, शेरा एका ओळीचा, गेट इन-आऊटप्रमाणे फ्री टाइमच्या आत. वर त्याच तिमाहीत कंपनीने लेट डिलिव्हरीचे बावीसेक हजार भाड्यातून कापले होते, आणि ती कपात करताना वेळ कुठली धरली तर आत घेतल्याची. म्हणजे गाडी वेळेत पोचून बाहेर उभी राहिली तर हॉल्टिंग शून्य, वर उशीर केला म्हणून दंड. एकच घड्याळ दोन्ही वेळेला शेठच्याच विरोधात चालतंय. मला विचाराल तर दीड लाखापेक्षा ह्या बावीस हजारांनी शेठ जास्त पेटले.

पहिली प्रतिक्रिया नेहमीची, गाड्या बंद करतो, माल आपल्या यार्डात उतरवून घेतो, पैसे द्या माल न्या. हे करू नये असं मी स्पष्ट सांगितलं. ई-वे बिलावर पत्ता मानकोलीचा, माल उतरला चाकणला, तर त्याचं उत्तर कोण देणार. आणि कायदा आपल्या बाजूने किती आहे तेही बघून घेतलं. कॅरेज बाय रोड कायदा २००७ चा, लागू झाला मार्च २०११ पासून, त्यात माल घेणाऱ्याने माल उचलला नाही तर काय करायचं याचं कलम आहे, पण ते सुरू होतं नोटीस दिल्यावर ३० दिवसांनी, नाशवंत मालाला २४ तास. आपलं दुखणं ३४ तासांचं आणि माल फ्रिज. स्पेनमध्ये २०२२ पासून एक तासाच्या पुढे गाडी थांबली की भरपाई लागू होते, आधी दोन तास होते, ते कायद्यातच आहे. आपल्याकडे जे काही मिळायचं ते १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट कायद्याखाली आपल्याच करारातून, म्हणजे करारात रिपोर्टिंगचा अर्थ नसेल तर कोर्टातही तोच घोळ चालणार. एमएसएमईचा, म्हणजे छोट्या उद्योगांसाठीच्या कायद्याचा रस्ता होता, शेठचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे, ४५ दिवसांत पैसे नाही दिले तर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं, पण सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रारीचा अर्ज टाकला की ते गिऱ्हाईक गेलंच समजायचं. शेठ म्हणाले ते शेवटचं हत्यार, ठेवून द्या.

मग आम्ही काम केलं ते बरंच कंटाळवाणं होतं. तिमाहीतली प्रत्येक फेरी घेतली आणि जीपीएसवरून काढलं की गाडी गोदामाच्या तीनशे मीटरच्या टप्प्यात कधी आली आणि कधी बाहेर पडली, शेजारी फास्टॅगच्या टोलच्या वेळा, शेजारी ड्रायव्हरचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जिथे होते तिथे, आणि शेजारी गोदामाची गेट इनची वेळ. जीपीएस सांगतं गाडी तिथे होती, का होती हे सांगत नाही, हे लक्षात ठेवायला पाहिजे कारण समोरचा पहिला वार तिथेच करतो, तुमचा ड्रायव्हर ढाब्यावर झोपला असेल. आणि खरं सांगायचं तर काही वेळा झोपलाच होता. काही फेऱ्यांत गाडी मुंब्रा बायपासवर किंवा अवजड गाड्यांच्या बंदीच्या तासांत अडकून दुपारी दोनला पोचली होती आणि त्या दिवशी डॉक मिळणं शक्यच नव्हतं. काहींमध्ये इनव्हॉइसची कॉपी ऑफिसने पाठवली नव्हती. एक-दोन ठिकाणी माल खाली झाल्यावर ड्रायव्हर परतीचं भाडं मिळेपर्यंत तिथेच पार्किंगला थांबला होता आणि आमच्या बिलात तेही हॉल्टिंग म्हणून आलं होतं. हे सगळं आम्हीच कापलं. शेठला आवडलं नाही, आपणच आपलं बिल कशाला कापायचं. एक लाख ६० चे एक लाख दहा झाले. पण कंपनीच्या मीटिंगमध्ये तो कागद जेव्हा पुढे ठेवला, की ह्या फेऱ्या आम्ही सोडल्या आणि का सोडल्या, तेव्हा समोरच्या लॉजिस्टिक्स मॅनेजरचा सूर बदलला, कारण त्याच्याकडे उरलेल्या फेऱ्यांबद्दल बोलायला काही राहिलं नाही. तो माणूस वाईट नव्हता, त्याच्याकडे बिल पास करायला कारण नव्हतं एवढंच.

त्या तक्त्यात अजून एक गोष्ट दिसली जी आम्ही शोधायला गेलो नव्हतो. उभ्या राहिलेल्या गाड्यांचा मोठा हिस्सा महिन्याच्या २६ तारखेपासून ३१ पर्यंतच्या फेऱ्यांचा, आणि बाकीचा दिवाळीआधीचा. म्हणजे महिनाअखेर विक्रीचा आकडा गाठायला कारखाना माल बाहेर ढकलतो, इनव्हॉइस बनलं की विक्री झाली, आणि तिकडे गोदामात जागा नाही, डॉक मोजके. माल ठेवायला जागा नसली की गाडीच गोदाम होते, आणि ह्या गोदामाचं भाडं शेठ भरतायत. मॅनेजरला हे माहीत नव्हतं असं नाही. पण हॉल्टिंग पास केलं तर ते त्याच्या बजेटमध्ये पडणार, वाहतूक खर्च वाढला म्हणून त्याची कानउघाडणी होणार, आणि ज्या सेल्सवाल्यांनी ३० तारखेला पंधरा गाड्या भरायला लावल्या त्यांना कोणी काही विचारणार नाही. मग तो का पास करेल? मी त्याच्या जागी असतो तर मीही शेरा मारून परत पाठवलं असतं.

त्याने तो तक्ता वर नेला, म्हणजे आमचं बिल म्हणून नाही तर त्याचं स्वतःचं गाऱ्हाणं म्हणून. दीडेक महिना लागला. शेवटी ठरलं की महिनाअखेरच्या फेऱ्यांचं हॉल्टिंग वाहतुकीच्या खात्यात न टाकता सेल्सच्या खात्यात टाकायचं. ह्या एका नोंदीने जे झालं ते आमच्या दहा पत्रांनी झालं नसतं. जुन्या एक लाख दहापैकी सत्तर हजारांच्या आसपास सेटल झाले, लेट डिलिव्हरीची कपात अर्धी परत आली, आणि नवीन करार करायला ते तयार झाले.

कराराच्या बोलणीत आम्ही आधी तासाचा रेट मागितला, सहा तास फ्री मग तासाला दोनशे. तो त्यांनी सरळ उडवला, त्यांच्या सिस्टीममध्ये तासाचं बिल बसतच नाही म्हणे. मग असं ठरलं की गाडी सकाळी दहाच्या आत रिपोर्ट झाली तर त्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत फ्री, दहानंतर झाली तर दुसऱ्या दिवशी दुपारी दोनपर्यंत. पुढे १२ तासांचा अर्धा दिवस धरून दिवसाला अडीच हजार, दोन दिवस ओलांडले की चार हजार. चार हजार हा सुद्धा उभ्या गाडीच्या खर्चाच्या खालीच आहे, वर हिशोब दिलाय. पण तिसऱ्या दिवशी रेट चढतो हे महत्त्वाचं, कारण पहिल्या दिवसाला समोरचा दुर्लक्ष करतो, चढता आकडा दिसला की फोन करतो. रविवार मोजायचा. सुट्टी ४८ तास आधी कळवली असेल तरच सोडायची. आणि ज्या फेरीत रिपोर्टिंग वेळेत आहे तिला लेट डिलिव्हरी लावायची नाही, दोन्हीसाठी वेळ एकच.

रिपोर्टिंगची व्याख्या ही सगळ्यात लांब चाललेली ओळ. आम्ही म्हणत होतो जीपीएसची वेळ, ते म्हणत होते गेटची. मधला रस्ता निघाला मेलचा. गाडी गेटवर पोचली की ड्रायव्हरने गेटच्या पाटीसकट एलआरचा फोटो पाठवायचा, ऑफिसने तासाभरात कंपनीच्या डिस्पॅचला आणि गोदामाच्या इनचार्जला एकाच वेळी मेल टाकायचा, गाडी नंबर, एलआर नंबर, वेळ, आणि दोन तासांत त्यांनी हरकत घेतली नाही तर ती वेळ पक्की. गोदामवाल्याचा करारात सहभाग नसला तरी कंपनीने त्याला पत्र काढून हे कळवलं. एलआरच्या मागे आम्ही रबरी शिक्का करून घेतला, पोचली, गेट इन, डॉक, खाली झाली, गेट आऊट, पाच रकाने, सही करायची नसेल तर ड्रायव्हरने तिथेच लिहायचं सही दिली नाही आणि फोटो काढायचा. रेट वाढल्याचा आनंद शेठला झाला, मला झाला तो ह्या मेलचा.

ड्रायव्हर हे सगळं का करेल, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आधी त्याला गाडी उभी राहिल्याचं काहीच मिळत नव्हतं, मग फोटो कशाला काढेल तो. आता हॉल्टिंगच्या दिवसाला पाचशे भत्ता, कंपनीकडून पैसे येवोत न येवोत, पण पोचल्याचा फोटो वेळेत आला असेल तरच. पहिल्याच महिन्यात फोटो नियमित यायला लागले. उलटी बाजू अशी की एखादा पाचशेसाठी गेटवर मुद्दाम रेंगाळतो, त्यासाठी ऑफिसमधला पोरगा अकरा आणि चारला प्रत्येक उभ्या गाडीच्या ड्रायव्हरला फोन करतो, मामा नंबर कितवा, आणि इनचार्जलाही करतो. ह्या फोनांनी अर्ध्या गाड्या लवकर आत जातात हे वेगळंच.

बिलिंगबद्दल एक. हॉल्टिंग भाड्याच्या बिलात घातलं आणि त्यावर वाद निघाला तर अकाउंट्स आख्खं बिल अडवतं, १९ हजार अडकतात अडीच हजारांपायी. म्हणून भाड्याचं बिल वेगळं आणि हॉल्टिंगचं पुरवणी बिल आठवड्याच्या आत, त्यावर मूळ बिलाचा आणि एलआरचा नंबर, सोबत मेल आणि शिक्क्याची कॉपी. तिमाहीचं एकत्र तर अजिबात नाही, तीन महिन्यांनी समोरच्या कोणाला काही आठवत नसतं आणि माणूसही बदललेला असतो. जीएसटीला कंपनीने सुरुवातीला खुसपट काढलं, ही वेगळी सेवा, १८ टक्के लावा. आमच्या सीएने सीजीएसटीचं कलम १५ दाखवलं, मूळ सेवेच्या ओघात लावलेला आनुषंगिक खर्च त्याच सेवेच्या किमतीत धरतात, त्यामुळे भाड्याच्याच ९९६५ कोडखाली, भाड्यासारखंच ५ टक्के आरसीएममध्ये, म्हणजे कर कंपनीनेच भरायचा. कंपनीच्या सल्लागाराने ते मानलं. आणि पुरवणी बिल लवकर गेल्याचा अजून एक फायदा, एमएसएमई कायद्यात १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा स्वीकारली असं धरतात, ते हत्यार न वापरताही मेलच्या खाली एक ओळ लिहून ठेवता येते.

पुढे काय झालं तर हॉल्टिंग कमी झालं, संपलं नाही. महिनाअखेरीला अजूनही दीड-दोन दिवस जातात पण त्याचे पैसे साधारण महिन्या-दीड महिन्यात येतात. मधल्या तारखांना गाडी बहुतेक त्याच दिवशी खाली होते. फेऱ्या आठवरून दहा-साडेदहावर आल्या, आणि माझ्या मते खरी कमाई ती, वसूल झालेलं हॉल्टिंग त्यापुढे किरकोळ आहे. वर्षाच्या टेंडरला मात्र दुसऱ्या एका ट्रान्सपोर्टरने हॉल्टिंगशिवाय रेट दिला, कमी भाड्यात, आणि कंपनीने एक तृतीयांश गाड्या त्याला दिल्या. त्याच्या गाड्या हल्ली मानकोलीला उभ्या दिसतात, ड्रायव्हर लोक सांगतात. शेठला वाईट वाटलं, मी म्हणलं त्याचा हप्ता त्याला भरू द्या.

सध्याचं भांडण नवीन आहे. गोदामाने अ‍ॅपवर स्लॉट बुकिंग चालू केलंय, स्लॉटशिवाय गाडी रिपोर्ट धरत नाहीत. ऐकायला छान वाटतं. पण २९ तारखेला कारखाना गाडी भरून देतो आणि स्लॉट मिळतो एक तारखेचा. गाडी गेटवर नाही, आमच्याच चाकणच्या यार्डात भरलेली उभी, मेल कुठला पाठवणार आणि वेळ कुठली लावणार. ई-वे बिल तर रोज वाढवत बसायचं. आम्ही आता असं मागितलंय की स्लॉट हातात असल्याशिवाय गाडी भरायची नाही, आणि भरली तर रांजणगावच्या वजनकाट्याच्या पावतीवरची वेळ धरून १८ तासांनी हॉल्टिंग सुरू. कंपनीची लॉजिस्टिक्स टीम तयार आहे, सेल्सने सही अडवलीय.